डंप हिरवे झाले, शेताचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातल्या डंपांवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांवर, रोपे लावतानाचे फोटो हमखास छापून येतात. झाडे आहेत, नाही म्हणत नाही. बरीचशी ऑस्ट्रेलियन अ‍ॅकेशिया. कसल्याही मातीत ती तग धरते, धूप थोडीफार थोपवते आणि लांबून डोंगर हिरवा दिसतो. पण डंपाखालच्या शेतांचा फोटो कधी पाहिलाय?

आमचे शेत डिचोली तालुक्यात, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती बाजूला पडायची. ते 'रिजेक्शन' पावसागणिक आमच्या कुणग्यांत (भातखाचरांत) उतरले. मैद्यासारखी बारीक माती. ओली असताना पाय पोटरीपर्यंत रुततो आणि दिवाळीनंतर कुदळ मारली तर टणकन आवाज येतो. पाणी तुंबले की तिच्यातले लोह विरघळून मुळांना बाधते. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडतात, फुटवे येत नाहीत. वडील म्हणायचे, "भात गंजले." शास्त्राच्या दृष्टीनेही फारसे चुकत नव्हते.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे (खाणींच्या भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले. माती मात्र थांबली नाही. आमच्याकडे मे महिन्यात व्हाळ उपसतात आणि गाळ काठावरच टाकतात! मृगाच्या पहिल्या सरींत तो परत आत.

तेव्हा काम शेतापासून सुरू करा. आधी डंपाच्या पायथ्याशी भिंत आणि गाळ अडवणारी तळी, नाहीतर पुढचे सगळे वाया. मग कुणग्यांतला थर खरवडून उचलायचा, शेणखत घालायचे, ताग किंवा धैंचा पेरून हिरवळीचे खत म्हणून गाडायचा. दोन-चार वर्षे तरी जातील. तोवर कसणाऱ्याला भरपाई हवी. पैशाची अडचण सांगू नये. जिल्हा खनिज निधी खाणबाधितांसाठीच आहे. शिवाय २०१४ च्या निकालात खनिज विक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला न्यायालयानेच सांगितले होते.

खाणींच्या लिलावानंतर डिचोलीत पुन्हा यंत्रे लागली आहेत. वरची सुपीक माती वेगळी साठवून पुढे वापरायची, असा नियम आहे. ती कुठे रचली आहे, एवढे ग्रामसभेत सांगावे. आम्ही चालत जाऊन बघून येऊ.

आपला,
एक शेतकरी वाचक, डिचोली