विषय : वांग्यावरील अळीनाशकाचा परिणाम नाही, आणि हेल्पलाइनवर मिळालेली वागणूक

ग्राहक तक्रार विभागप्रमुख यांस,

तुमच्या इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्केबद्दल लिहितोय. बिलाची झेरॉक्स आणि बॅच नंबर दिसेल असा पाकिटाचा फोटो सोबत आहे.

लेबलवर हेक्टरी २०० ग्रॅम, ५०० लिटर पाणी. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. तेवढंच, काट्यावर मोजून टाकलं. फवारणीआधी माना टाकलेले शेंडे खुडून जाळले. पतंग पकडणारे कामगंध सापळे तर लावणीपासून आहेत. तरी आठवड्याने नवे शेंडे पुन्हा लोंबले. भरताचं वांगं चिरलं की आत काळा बोगदा, विष्ठा आणि गुलाबी अळी, अगदी ठणठणीत. जळगावात चंपाषष्ठीच्या तोंडावर भरताच्या वांग्याला काय भाव असतो, ते तुमच्या विक्री विभागाला विचारा. त्याच आठवड्यात व्यापाऱ्याने माझे क्रेट बाजूला काढून ठेवले.

आता हेल्पलाइन. कालचा फोन शेवटचा. तुमच्या माणसाने विचारलं, "अळी कुठे आहे सर?"
म्हटलं, वांग्यात.
"आत आहे ना? मग कशी मरेल? औषध बाहेरच्या अळीवर चालतं."
म्हटलं, पाकिटावर 'शेंडे व फळ पोखरणारी अळी' असं तुम्हीच छापलंय. पोखरणारी अळी बाहेर बसून काय करेल, पेपर वाचेल?
त्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही पंपाला १० ग्रॅम टाकायला हवं होतं. लेबलवरचं ते कायद्यापुरतं असतं."
कायद्यापुरतं! हे वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल. ते एकदा स्वतः ऐका. मी हे औषध घेतलं कारण तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ ३ दिवस आहे. डोस दीडपटीहून जास्त केला तर तो ३ दिवसच राहतो का, विचारलं. उत्तर नाही. उलट क्लोरँट्रानिलिप्रोल हे दुसरं अळीनाशक घ्या म्हणाले, तेही तुमच्याच कंपनीचं. वांग्यावर त्याचा प्रतीक्षा काळ २२ दिवस. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी होतो, साहेब. बावीस दिवस मी बांधावर बसून भजन म्हणू? "ते तुम्ही बघा" म्हणाले आणि फोन ठेवला.

लेबलवरचं कायद्यापुरतं असतं म्हणे. मग बाकीचं पाकीट कशापुरतं असतं?

वडिलांच्या काळापासून आमच्याकडे तुमचाच माल येतो. दुकानदार दुसरं दाखवायचा, आम्ही नको म्हणायचो. म्हणून जास्त लागलं.

डोस लेबलवरचा खरा की तुमच्या माणसाचा, हे कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्या आणि औषधाचे पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर याच बॅचची सीलबंद पाकिटं दुकानात आहेत. त्यांचा नमुना घ्या म्हणून कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकांकडे अर्ज देतो. जिल्हा ग्राहक आयोग त्यानंतर. तुमचा प्रतिनिधी पाठवायचा तर पाठवा, प्लॉट दाखवीन. उघडं पाकीट मात्र त्याच्या हातात देणार नाही.

एक वांगी उत्पादक,
ता. जि. जळगाव