दहा लढाया नकोत, एकच घे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "युद्धांच्या इतिहासावरची दहा चांगली पुस्तकं सुचव, क्रमाने वाचून काढतो," एवढं लिहून मोकळा झालास. यादी देणं अवघड नाही. अशा याद्या ढिगाने मिळतात आणि सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात: एक सन झू, एक नेपोलियन, दोन-तीन दुसऱ्या महायुद्धातले सेनापती आणि शेवटी रणगाड्यांच्या चित्रांचं एखादं जाडजूड पुस्तक. तशा क्रमाने वाचलंस तर दहा लढायांचे निकाल तुला पाठ होतील, पण एकही लढाई कळणार नाही. म्हणून माझं सांगणं उलटं आहे. एक लढाई किंवा एक मोहीम धर आणि तिच्यावरची दोन-तीन पुस्तकं वाच. त्यांचं आपसात पटत नसेल तर फारच उत्तम.

असं का म्हणतो, ते मिडवेवरून सांगतो. ४ जून १९४२ ला प्रशांत महासागरात मिडवे बेटापाशी जपानच्या चार विमानवाहू नौका एका दिवसात कामातून गेल्या. त्यांतल्या आकागी, कागा आणि सोर्यू या तिघी तर सकाळीच, काही मिनिटांच्या अंतराने पेटल्या. जगाला ही हकीकत बरीचशी मित्सुओ फुचिदाच्या पुस्तकातून कळली. पर्ल हार्बरवर चालून गेलेल्या विमानांचं नेतृत्व करणारा हाच तो वैमानिक. मिडवेच्या वेळी तो आकागीवर होता, पण अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे त्याला उडता येत नव्हतं. तो लिहितो, की प्रतिहल्ल्याची विमानं डेकवर सज्ज उभी होती, आणखी पाच मिनिटांत सगळी हवेत गेली असती आणि नेमकी तेव्हाच अमेरिकी बॉम्बफेकी विमानं सूर मारत खाली आली. पाच मिनिटं! वाचताना जीव हळहळतो. पुढची पन्नास वर्षं ही पाच मिनिटं या पुस्तकातून त्या पुस्तकात फिरत राहिली.

मग २००५ साली जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांचं 'शॅटर्ड स्वोर्ड' आलं. त्यांनी नशीब, शौर्य वगैरे बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारला: जपानी नौकेवर विमान हल्ल्यासाठी तयार कसं होत असे? टॉर्पेडो लावायचं काम खालच्या हँगरमध्ये चाले. मग विमानं लिफ्टने एकेक करून वर यायची, रांगेत लागायची, इंजिनं तापवायची. सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपासचं काम. आणि त्या सकाळच्या जपानी नोंदी पाहिल्या तर संरक्षणाची लढाऊ विमानं त्याच डेकवरून सारखी चढ-उतार करताना दिसतात. म्हणजे डेक हल्ल्याच्या विमानांनी भरलेले असणं शक्यच नव्हतं. ती खाली हँगरमध्ये होती. पाच मिनिटांची गोष्ट तिथेच कोसळते. कळस असा, की जपानच्या अधिकृत युद्ध-इतिहासाने १९७१ सालीच फुचिदाला खोडून काढलं होतं. ते जपानीत होतं, म्हणून बाहेर कुणी वाचलं नाही.

यावरून फुचिदाला फेकून देऊ नकोस. आधी त्यालाच वाच, कारण तो सांगतो छान. नंतर पार्शल-टली. उलट्या क्रमाने वाचलंस तर दोन्हींची गंमत जाईल.

सेनापतींच्या आठवणी हे तुझं आवडतं खातं, हे मला ठाऊक आहे. त्यात हात जपून घाल. हिटलरचा सेनापती एरिक फॉन मानश्टाइन याचं 'लॉस्ट व्हिक्टरीज' मूळ जर्मनमध्ये १९५५ साली आलं. डावपेचांवर माणूस असा लिहितो की सोडवत नाही. पण हळूहळू लक्षात येतं: जे जिंकलं ते याने, जे हरलं ते हिटलरने. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याने स्वतःच्या सहीने काढलेला, ज्यूंविरुद्धचा तो भयंकर हुकूम, किंवा १९४९ साली ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांसाठी दिलेली शिक्षा यांचा त्या पुस्तकातून अंदाजही येत नाही. पराभूत जर्मन सेनापतींनी युद्धानंतर इतकं लिहिलं, आणि अमेरिकी सैन्याने त्यांच्याकडून इतकं लिहवून घेतलं, की पूर्व आघाडीचा, म्हणजे रशियाविरुद्धच्या युद्धाचा, इतिहास बराच काळ हरलेल्यांनीच सांगितलेला होता. 'इतिहास जेते लिहितात' असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

आता त्याच्या शेजारी विल्यम स्लिमचं 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' ठेव. एक वर्षानंतरचं, १९५६ चं. १९४२ साली रंगून पडल्यावर ब्रह्मदेशातून इंफाळपर्यंत जी लांबलचक माघार झाली, त्या फौजेचा हा सेनापती. पुढे याच्याच चौदाव्या सैन्याने (ब्रिटिश-भारतीय फौजेने) ब्रह्मदेश परत घेतला. पण पुस्तकभर तो स्वतःचे हिशेब चुकल्याच्या जागा दाखवत जातो. १९४४ साली कोहिमावर जपान्यांची फार तर एक रेजिमेंट, म्हणजे डिव्हिजनचा एक तुकडा, येईल असा त्याचा अंदाज होता. आली अख्खी ३१वी डिव्हिजन. हे तो सरळ लिहितो, कुणा हाताखालच्याच्या माथी मारत नाही. मला विचारशील तर सेनापतीने लिहिलेलं याहून चांगलं पुस्तक माझ्या वाचनात नाही. आणि त्यातला मोठा भाग लढायांवर नाही, मलेरिया, खेचरं, रस्ते आणि विमानातून टाकायच्या धान्याच्या पोत्यांवर आहे.

पण स्लिम नकाशावरून पाहतो. तेच युद्ध चिखलातून पाहायचं असेल तर जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझरचं 'क्वार्टर्ड सेफ आऊट हिअर' घे. १९४५ साली हा त्याच चौदाव्या सैन्यात, सतराव्या भारतीय डिव्हिजनमध्ये एक साधा पोरगा शिपाई होता. त्याचं जग म्हणजे नऊ नंबरचं सेक्शन, जेमतेम दहा माणसं. शत्रू पन्नास पावलांवर आहे की पाचशे, हेही धड कळत नाही. स्लिम सैनिकांशी बोलायला येतो तो प्रसंग फ्रेझरने लिहिलाय. सेनापतीच्या पुस्तकात न दिसणारा सेनापती तिथे दिसतो. जपान्यांबद्दल फ्रेझर जे आणि ज्या शब्दांत लिहितो ते तुला खटकेल. खटकायलाच हवं. त्याने ते मवाळ केलं नाही, म्हणून पुस्तक खरं वाटतं, एवढंच.

आणि तरीही एक आवाज राहतोच. चौदाव्या सैन्यात बहुसंख्य होते आपले लोक, आणि त्यांनी लिहिलेलं वाचायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं. बहुतेक शिपायांना लिहिताच येत नव्हतं, ज्यांना येत होतं त्यांना कुणी विचारलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत थोडं नशीब उघडलं ते सेन्सॉरमुळे. फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैनिकांची पत्रं इंग्रज अधिकारी उघडून वाचत, भाषांतर करून त्यातले उतारे अहवालात ठेवत. त्या उताऱ्यांतून डेव्हिड ओमिसीने 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' हा संग्रह केला. पाळत ठेवणाऱ्यांनी जपलं म्हणून टिकलं! पत्र उघडलं जाणार हे शिपायांनाही माहीत होतं. म्हणून एकजण घरी कळवतो, की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे आपण, लाल मिरची म्हणजे गोरे.

हे वाचलं की मला पानिपतनंतरचं ते सावकारी पत्र आठवतं: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. तू-मी पानिपत शिकलो ते कादंबऱ्यांतून, पोवाड्यांतून. त्याआधीच्या पिढ्या शिकल्या बखरींतून. मग १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि त्या मोहिमेच्या काळातली अस्सल पत्रं छापून समोर ठेवली. ती वाच. रणधुमाळी शोधायला जाशील आणि सापडेल काय, तर पैशाची ओढ, दाण्याची टंचाई, पुराने फुगलेली यमुना आणि दुआबातले मराठ्यांचे कारभारी गोविंदपंत बुंदेले यांना गेलेले तगादे, की अब्दालीची रसद तोडा, पैसा पाठवा. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले. १४ जानेवारीला भाऊसाहेबांची फौज मोर्चांतून बाहेर पडली ती उपासमारीने टेकीला येऊन. पत्रांनंतर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' घे. त्यांची मतं ठाम आहेत, काही ठिकाणी तू भांडशील. पण ते पुरावा समोर मांडून भांडतात, त्यामुळे आपल्यालाही भांडता येतं.

रसदेचा विषय निघालाच आहे तर मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्डचं 'सप्लाइंग वॉर' (१९७७) सुचवतो. त्याच्या आकडेमोडीवर नंतर टीका झाली आणि काही टीका रास्त आहे, पण हे पुस्तक वाचल्यावर कुठल्याही मोहिमेकडे पाहताना पहिला प्रश्न 'खाल्लं काय?' हाच येतो. १९४१ साली रशियावर चालून गेलेलं जर्मन सैन्य आपल्या डोळ्यांसमोर रणगाड्यांचं असतं. त्याच्याबरोबर ६ लाखांहून जास्त घोडे होते. रशियन रूळ रुंद, म्हणून रेल्वेमार्ग बदलत बदलत पुढे जावं लागत होतं. त्याच जातीचा, पण जुना आणि जास्त खट्याळ माणूस म्हणजे जर्मन इतिहासकार हान्स डेलब्र्यूक. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, ग्रीसवर चालून आलेल्या इराणी सम्राट झर्क्सिसचं पायदळ १७ लाख आणि सगळा लवाजमा धरून माणसं ५२ लाखांच्या वर. डेलब्र्यूकने त्याच्या काळातल्या जर्मन फौजेच्या कूचाचे हिशेब लावून दाखवलं, की एवढा जमाव रस्त्याने निघाला तर डोकं ग्रीसमधल्या थर्मोपिलीला पोचेल तेव्हा शेपूट तिकडे इराणातल्या सूसातून बाहेर पडत असेल. तेव्हापासून कुठल्याही पुस्तकात 'दोन लाखांची फौज' दिसली की मी रस्ता किती रुंद होता ते शोधतो.

जॉन कीगनचं 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) सगळेच सुचवतात, मीही सुचवतो. सँडहर्स्टला अधिकाऱ्यांना शिकवणारा हा माणूस पहिल्याच वाक्यात कबूल करतो की आपण कधी लढाईत नव्हतो. मग अॅजिनकोर्ट, वॉटर्लू आणि सोम या तीन लढायांत उभ्या माणसाला नेमकं काय दिसलं, काय ऐकू आलं, ते शोधत जातो. सलग उभ्या माणसांच्या फळीवर घोडा जाऊन आदळतो का? नाही आदळत, बुजतो. असे प्रश्न.

एक व्यवहारातली गोष्ट: नकाशा नसलेलं लढाईचं पुस्तक घेऊच नकोस. आणि ई-पुस्तक घेत असशील तर आधी नकाशे उघडून बघ. पुष्कळदा ते काड्यापेटीएवढे होऊन बसतात आणि नद्या कुठल्या, रस्ते कुठले काही कळत नाही. मी सरळ कागदावर ओबडधोबड नकाशा काढून पुस्तकात ठेवतो.

अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीस मी मुद्दाम मागे ठेवला. अथेन्सचा हा सेनापती इ. स. पू. ४२४ मध्ये अँफिपोलिस वाचवायला वेळेत पोचला नाही, म्हणून वीस वर्षं हद्दपार झाला. तोच लिहितो, की हद्दपारीमुळे मला दोन्हीकडचं पाहायला मिळालं. मी तुला या पत्रात जे सांगतोय ते त्याने तेव्हाच करून ठेवलंय. सगळं वाचायचा धीर नसेल तर सहावा आणि सातवा भाग, सिसिलीच्या मोहिमेचा, तेवढा वाच. सभेत टाळ्यांच्या गजरात निघालेलं आरमार आणि शेवटी सिराक्यूजच्या दगडखाणीत तहानेने मरणारे कैदी. ग्रंथ इ. स. पू. ४११ पाशी मध्येच तुटतो.

तर तुझी सुरुवात ब्रह्मदेशापासून. आधी फ्रेझर, मग स्लिम. स्लिममधलं कोहिमाचं प्रकरण संपलं की लगेच मला लिही, कारण सातोवरून मला तुझ्याशी भांडायचं आहे. ३१व्या डिव्हिजनचा हा सेनापती तीन आठवड्यांच्या शिध्यावर डोंगर ओलांडून आला, मागून काही आलं नाही, आणि शेवटी वरिष्ठांचा हुकूम धुडकावून त्याने उपाशी माणसं माघारी नेली. स्लिम त्याची टर उडवतो: कोहिमाला अडकून न बसता दिमापूर गाठलं असतं तर आमची धडगत नव्हती, असा हा कल्पनाशून्य माणूस. दिमापूरचं स्लिमचं बरोबर असेलही. पण माघारीच्या बाबतीत मी सातोच्या बाजूचा आहे. तू स्लिमची बाजू घेणार हे मला आत्ताच दिसतंय.

तुझा,
मित्र

ता.क. 'ऑन वॉर' लिहिणारा प्रशियाचा क्लाउझेविट्झ यादीत का नाही, असं विचारशील. तो १८३१ साली कॉलऱ्याने गेला तेव्हा ग्रंथ अपुराच होता. त्याच्या बायकोने, मारीने, पुढच्या वर्षीपासून तो छापायला घेतला. त्यामुळे कुठलं त्याचं पक्कं मत आणि कुठलं अजून घोळत असलेलं, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. दोन-तीन मोहिमा नीट वाचून होऊ देत, मग उघड.