शनिवारी मी गॅरेजमध्ये काय करते

डर्बी, इंग्लंड
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी आईने फोनवर जे विचारले ते मी हसण्यावारी नेले, पण फोन ठेवल्यावर माझे मलाच ते बरे वाटले नाही. "तुझ्या बाबांनी उभा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे केले, ते तुझे काळे होऊ नयेत म्हणून, आणि तू एवढ्या लांब जाऊन, सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे घालून लेथपुढे उभी राहतेस, याला काय म्हणावे?" असे तू म्हणालीस. बाबा मागून काही बोलले नाहीत, नुसते खोकले. ते खोकणे कोणाच्या बाजूचे होते हे मला अजून उमगलेले नाही, तेव्हा हे पत्र दोघांना मिळून लिहिते.

आधी यंत्राविषयी सांगते, कारण बाबांना तेच आधी हवे असणार. माझा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत टूलने कापायचे यंत्र, मायफोर्ड एमएल-७ आहे. हे मॉडेल १९४६ साली निघाले. ते जिथे बनत असे ते नॉटिंगहॅमजवळचे बीस्टन माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. कारखाना मात्र २०११ साली बंद पडला. सेंटरची, म्हणजे तुकडा ज्या मध्याभोवती फिरतो त्याची, बेडपासून उंची साडेतीन इंच, म्हणजे बेडवर सात इंचांच्या वर काही फिरणार नाही. बाबा, तुमच्या लेथशेजारी हा ठेवला तर त्याचे पिल्लू वाटेल. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर घरच्याच प्लगवर चालते. टूल आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचे हँडल एक फेरा फिरवले की टूल शंभर थाऊ, म्हणजे इंचाचे शंभर हजारांश, सरकते, आणि हा थाऊ शब्द मी प्रथम तुमच्या तोंडून ऐकला असल्यामुळे तो आपल्या कोल्हापूरचाच आहे अशी माझी लहानपणापासून समजूत होती. घरी छोटी इंजिने करणाऱ्यांचा इथे एक क्लब आहे, त्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातला तुकडा मोजून "टू थाऊ" म्हणून मान हलवली, तेव्हा क्षणभर मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना मी बदल्यात सूत दिले. इंचाच्या आठव्या भागाला आम्ही सूत म्हणजे धागा म्हणतो, हे त्यांना इतके आवडले की आता ते मला ड्रिल सुतांत मागतात.

या देशात हा नाद जुना आहे. लंडनमध्ये या लोकांची पहिली संस्था १८९८ साली निघाली. घरामागच्या शेडमध्ये लेथ मांडून वाफेची छोटी इंजिने करायची, कोणी साडेतीन इंची रुळांवर चालणारी, कोणी पाच इंची, आणि मग क्लबाच्या मैदानात त्यांच्यामागे डबे जोडून शेजारपाजारच्या पोरांना फिरवायचे. पाच इंची रुळांवरचे इंजिन चार-पाच मोठी माणसे सहज ओढते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, एकदा त्या माणसांत बसूनही. आमच्या क्लबात निवृत्त ड्रायव्हर आहेत, एक दंतवैद्य आहे, शाळामास्तर आहेत. बायका मोजक्या. मी गेले त्या दिवशी एकाने अगदी प्रेमाने विचारले की तुमचे यजमान कुठे आहेत, आणि मी म्हटले की त्यांना ड्रिलची भीती वाटते. ते खरेच आहे.

मी सध्या करते आहे ते रुळांवरचे इंजिन नव्हे. ते उभे, एका सिलिंडरचे, टेबलावर ठेवायचे वाफेचे इंजिन आहे, स्टुअर्ट १०-व्ही नावाचे. या ओतिवांचा संच पेटीतून येतो: सिलिंडर, उभा खांब, फ्लायव्हील, सगळे कच्चे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सोबत ड्रॉइंग, आणि पुढचे तुमचे तुम्ही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सहा सूत, स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची धाव, सहा सूत, फ्लायव्हील तीन इंच. आई, सगळे मिळून तुझ्या चहाच्या बरणीएवढे.

फ्लायव्हील चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून मी पहिला कट घेतला तो भीत भीत पाच थाऊंचा. टूल किंचाळले, दोन फेऱ्यांत त्याची धार गेली, आणि बिडावर नुसती चकाकी आली. तेव्हा मला बाबांच्या शेडच्या दारातून ऐकलेले त्यांचे वाक्य आठवले, जे त्यांनी नव्या पोऱ्याला सुनावले होते: "बिडाची साल कुरतडायची नसते, सालीच्या खाली शिरायचे आणि एका कटात उतरवायची." ओतिवाचा वरचा थर लवकर निवल्याने कडक झालेला असतो, शिवाय त्यात साच्याची वाळू भाजून बसलेली असते, टूलचे टोक त्या थरातच घासत राहिले तर टिकणार कसे? मी धार नव्याने लावली, चाळीस थाऊ आत गेले, आणि ती करडी साल भुरभुर खाली पडली. मग बीड तेल-पाण्याशिवाय कोरडेच कापले जाते तशी ती काळी भुकटी उडाली, नाकात गेली, नखांत गेली, आणि संध्याकाळी बेसिनमध्ये हात धुताना जे काळे पाणी वाहिले ते पाहून मला आपल्या मोरीची आठवण झाली. आई, बाबांच्या सदऱ्यांच्या कॉलरी तू कशा घासत होतीस हे मी विसरलेले नाही. माझी कॉलर मीच घासते, एवढे तरी माझ्या बाजूने धर.

आता तुरटीची गोष्ट. बाबांना ती अर्धीच ठाऊक आहे, कारण त्या दिवशी फोन मध्येच तुटला. इंजिनाला तेल पुरवणारी पितळेची छोटी कुपी मी केली होती, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्या झाकणाच्या स्क्रूसाठी ७ बीए या जुन्या ब्रिटिश मापाचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा टॅप, भोकात आटे पाडायचे हत्यार, फिरवत होते. आटे जवळजवळ पुरे झाले होते. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर टॅप उलटा फिरवून बर, म्हणजे धातूचा कीस, मोडायची असते, हे मला चांगले माहीत आहे, आणि शेवटच्या फेऱ्याला मी ते केले नाही, कारण जेवणाची वेळ झाली होती. टक्क असा बारीक आवाज आला. हाताला एकाएकी काहीच जड लागेना. टॅपचे अर्धे अंग कुपीत आणि अर्धे माझ्या हातात. दोन शनिवारांचे काम होते ते. मी तिथेच स्टुलावर बसले आणि कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजले आहेत याचा विचार न करता फोन लावला.

बाबा, तुम्ही झोपेतून उठून दोनच प्रश्न विचारलेत: तुकडा पितळेचा आहे की बिडाचा, आणि टॅप साध्या पोलादाचा की हायस्पीड नावाच्या मिश्र पोलादाचा. पितळ आणि साधे पोलाद म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग रडतेस कशाला, तुरटीच्या पाण्यात उकळ," आणि महाद्वार रोडवरचे घड्याळजी पितळी प्लेटमध्ये मोडलेले स्क्रू कसे काढतात ते सांगू लागलात. भांडे काचेचे घे, लोखंडी घेऊ नकोस, एवढे ऐकू आले आणि फोन तुटला.

पुढचे असे झाले. नॉर्मंटन रोडवरच्या आपल्याकडच्या किराणा दुकानात तुरटी मिळाली. दुकानदाराने दाढीसाठी का म्हणून विचारले, मी हो म्हटले. काचेच्या भांड्यात गरम पाणी घेऊन विरघळेल तेवढी तुरटी घातली, कुपी आत सोडली आणि भांडे मंद आचेवरच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवले. दहा मिनिटांत मोडक्या टॅपच्या टोकावरून बारीक बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर येऊ लागली, सोड्याच्या बाटलीतल्यासारखी, आणि पितळ मात्र ढिम्म, त्याला काही नाही. मी खुर्ची ओढून तासभर बघत बसले. रात्री पाणी बदलले, सकाळी पुन्हा गरम केले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुईने टोचले तर टॅपच्या जागी काळा गाळ होता, तो पाण्यानेच निघून आला. खाली आटे जसेच्या तसे. पावसाळ्यात पंचगंगेचे गढूळ पाणी नळाला आले की आई हंड्यात तुरटी फिरवायची. तीच तुरटी पोलाद खाते आणि पितळाला हात लावत नाही, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते. टॅप बिडात मोडला असता तर हा उपाय चालला नसता, कारण तुरटीने बीडही खाल्ले असते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ मला असा उशिराने कळला.

आईसाठीही एक गोष्ट आहे. क्लबातल्या त्याच आजोबांच्या तांब्याच्या बॉयलरला चांदीचा डाख देताना मी मदतीला गेले होते, कारण ते एकट्याचे काम नव्हे. तांबे उष्णता इतकी पळवते की एक सांधा जोडायचा तर सगळा बॉयलर लाल करावा लागतो. दोन बाजूंनी दोन टॉर्च धरायचे, आणि साडेसहाशे अंशांच्या आसपास डाख एकदम पाण्यासारखा फटीत धावतो. तांबे स्वतः १०८५ अंशांना वितळते, म्हणजे अंतर पुष्कळ आहे, तरी माझे हात थरथरत होते. जोडून झाल्यावर बॉयलर काळाठिक्कर, वर डाख धावावा म्हणून लावलेल्या सवागीची काचेसारखी पुटे. मग तो निववून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि सकाळी गुलाबी होऊन निघाला. आजोबा मला यामागचे रसायन समजावू लागले, तेव्हा मी म्हटले की आमच्या घरी हे दर दिवाळीला चिंचेच्या कोळाने होते, बंबापासून तांब्यापर्यंत. पुढे त्या बॉयलरची परीक्षाही पाहिली. तो चौरस इंचाला ८० पौंड दाबावर चालायचा, म्हणून आत गार पाणी भरून १६० पौंडांपर्यंत दाबला. हवा किंवा वाफ भरत नाहीत, कारण पाणी फारसे दबत नाही आणि सांधा सुटलाच तर नुसती चिरकांडी उडते, स्फोट होत नाही. तुझा कुकर शिट्टीच्या वेळी पंधरा पौंडांच्या आसपास असतो. दादाने कुकरला नळी जोडून माझे इंजिन चालवायची कल्पना कळवली आहे, ती मुळीच ऐकू नका.

इंजिन गेल्या शनिवारी पहिल्यांदा फिरले. वाफेवर नव्हे, मोटारीच्या चाकात हवा भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरवर. फ्लायव्हीलला बोटाने ढकलले, ते दोनदा अडखळले आणि मग चालू लागले, पण उलटे, कारण वाफेची झडप हलवणारे एक्सेंट्रिक मी शाफ्टवर भलत्या बाजूला आवळले होते. तो स्क्रू सैल करून फिरवायला पाच मिनिटे पुरतील. मी मात्र ते अर्धा तास उलटेच फिरू दिले.

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे येते. बाबांच्या कामाला गिऱ्हाईक होते. नगावर पैसे, आणि साखर कारखान्याचा पंप बंद पडला की रात्री बारा वाजता दाराची कडी वाजे. मला एका कुपीपायी दोन शनिवार घालवता येतात आणि कोणी विचारत नाही. ही चैन आहे हे मला समजते, आणि ती कोणाच्या जिवावर हेही. पण बाबांनी मला ज्यातून बाहेर काढले त्यात मी परत शिरते आहे असे जे तुला वाटते, ते तसे नाही, कारण आई, मी त्या शेडच्या आत कधी नव्हतेच. डबा घेऊन यायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, वेणी लांब आहे म्हणून आत पाऊल टाकायचे नाही. तो नियम बरोबर होता. फिरत्या चकापाशी सुटी वेणी काय करू शकते हे आता मला तुझ्याहून नीट माहीत आहे, आणि मी केस घट्ट बांधून, बांगड्या काढूनच मोटर चालू करते. पण दादाला सुट्टीत हँडल फिरवायला मिळे आणि त्याला त्याची गोडी नव्हती; मला होती, आणि वेणी बांधून ये असे मला कोणी म्हटले नाही. तक्रार करत नाही. तू विचारलेस म्हणून सांगितले.

दादा म्हणत होता की शेड रिकामी करायची आहे आणि बाबांनी भंगारवाल्याशी बोलणे केले आहे. लेथचे तुम्ही ठरवाल ते खरे. पण वरच्या खणातला एक इंची मायक्रोमीटर, आणि डालड्याच्या जुन्या डब्यात बाबांनी स्वतः घासलेली जी टूले आहेत, ती मी येईपर्यंत कोणाला देऊ नका. मी २० डिसेंबरला येत आहे. ती सामानाच्या मोठ्या बॅगेत घालून आणता येतील, हातातल्या बॅगेत चालत नाहीत. पार्टिंग टूल, म्हणजे तुकडा कापून वेगळा करायचे अरुंद टूल, माझ्याने अजून नीट घासले जात नाही, कापताना थरथरते आणि तुकड्यावर लाटा उमटतात. बाबा, ते तुम्ही मला ग्राइंडरपाशी उभे राहून दाखवा. वेणी बांधून येते.

दोघांनी प्रकृतीस जपावे. बाबांची दम्याची औषधे वेळेवर चालू आहेत ना, ते आईने कळवावे.

तुमची,
लेक

ता. क. तुरटी पाव किलो उरली आहे. इथले पाणी स्वच्छ आहे, तिचे काय करू?