आधी अर्ज, मग स्टॉल

महोदय,

मुंबईच्या महाविद्यालयांत स्टार्टअप स्पर्धांचा सुकाळ आहे. स्टॉलवर मुले यंत्राची आतली रचना हौसेने उलगडून दाखवतात आणि अर्जाआधीच सारे उघड झाल्याने पेटंटला लागणारे नावीन्य तिथेच हातचे जाते. प्रदर्शनात मांडूनही नावीन्य टिकण्याची पेटंट कायद्याच्या कलम 31ची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. कॉलेजचा फेस्ट त्यात कुठून बसणार?

उपाय महागडा नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे संपूर्ण तपशिलाआधी करायच्या तात्पुरत्या अर्जाचे ऑनलाइन शुल्क व्यक्तीला 1600 रुपये. संपूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यायचा, नाहीतर अर्ज बाद. मात्र नुसती कल्पना लिहून भागत नाही; जे या अर्जात नाही, त्याचे नावीन्य या अर्जाच्या तारखेपासून धरले जात नाही. नवउद्योगांना आधार देणाऱ्या इनक्युबेशन केंद्रांनी स्पर्धेच्या प्रवेशअर्जातच ‘पेटंटचा अर्ज केला का?’ असा रकाना ठेवावा.

– एक वाचक, सांताक्रूझ