२६ नोव्हेंबरला पोरांच्या हातात प्लास्टिकची बंदूक नको: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी पाचोरा तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे जे लिहिलंय त्यात माझ्या वर्गातली पोरं आहेत आणि त्यांना कोणी बोट दाखवून ओळखावं असं मला वाटत नाही. विषय २६ नोव्हेंबरचा आहे.

दरवर्षी काय होतं ते आधी सांगते. त्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, संविधान दिन साजरा करा, उद्देशिकेचं वाचन घ्या, २६/११ च्या शहिदांना श्रद्धांजली वाहा, फोटो टाका, अहवाल पाठवा. परिपाठाला आम्ही उद्देशिका वाचतो, दोन मिनिटं शांत उभे राहतो, फोटो निघतो आणि पहिला तास गणिताचा सुरू. नंतर पोरांना विचारलं की आपण कशासाठी उभे होतो, तर कोणी म्हणतं बाबासाहेबांसाठी, कोणी म्हणतं बॉर्डरवरच्या लढाईसाठी. त्यांचा काय दोष, २००८ साली यातलं एक पण पोर जन्मलेलं नव्हतं, आणि जे काय माहिती आहे ते मोबाईलवरच्या रीलमधून, खाली रक्त, वर जोराचं म्युझिक.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते, नवीनच लागलेली. तिथे या दिवशी नाटक बसवलं होतं. यात्रेतून आणलेल्या प्लास्टिकच्या बंदुका, चार पोरं पोलीस, दोन अतिरेकी, बाकीचे मरायला. अतिरेकी कोण तर वर्गातला एक मुसलमान मुलगा, सगळ्यांनी आपोआप त्याचंच नाव घेतलं आणि मोठ्या माणसांनी पण हसून मान डोलावली. नाटक झालं, टाळ्या झाल्या, तो मुलगा पुढचे सहा दिवस शाळेत आला नाही. सातव्या दिवशी आला तर मागच्या बाकावर जाऊन बसला. मी तेव्हा काही बोलले नाही, हे आज लिहिताना पण माझा हात जड होतोय. त्याला मी सांगायला पाहिजे होतं की त्या रात्री सीएसटीवर जे मेले त्यात हिंदू होते तसे मुसलमान पण होते, आणि मुंबईतल्या मुसलमानांच्या ट्रस्टने त्या नऊ मेलेल्या अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला साफ नकार दिला होता. हे वर्गाला पण सांगायला पाहिजे होतं, त्याच्या समोर. ते पोरगं आता मोठं झालं असेल आणि २६ नोव्हेंबर म्हटलं की त्याला काय आठवत असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट निबंधाची. निबंध स्पर्धेत सहावीतल्या एकाने लिहिलं, मला पण शहीद व्हायचंय, मला मरण आलं की गावात माझा पुतळा होईल. त्याला पहिला नंबर मिळाला. मी ती वही घरी नेऊन परत परत वाचली. आमच्या खान्देशात हे पोरांना जवळचं वाटतं त्याला कारण पण आहे, नंदुरबारला सहल जाते, तिथे शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार सोबत्यांचं स्मारक आहे, ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेली पोरं, गोळीबारात पाचही गेले. शिरीषकुमार १५ वर्षांचा होता. आमची पोरं स्मारकासमोर उभी राहून आपलं वय त्याच्या वयातून वजा करतात, मला अजून तीन वर्षं बाकी, मला चार. मला त्या पाच जणांचा फार अभिमान आहे, पण बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यात मरणं म्हणजेच मोठं होणं असं पक्कं बसत असेल तर साहेब आपलं सांगायचं काहीतरी चुकतंय. मेलेल्यांच्या सोबत वाचवणाऱ्यांची गोष्ट सांगितली पाहिजे, आणि वाचवून स्वतः पण जिवंत राहिलेल्यांची.

हे मला सुचलं ते आमच्याच रुळांवर. २२ जानेवारी २०२५ ला माहिजी आणि परधाडेच्या मधे पुष्पक एक्सप्रेस थांबली, कोणीतरी ओरडलं आग लागली, साखळी ओढली, माणसं घाबरून दुसऱ्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा जीव गेले. आग नव्हतीच. आमचं गाव तिथून लांब नाही, कित्येक पोरांचे बाप-काका मदतीला धावले होते आणि घरी आल्यावर जे बोलले ते पोरांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडायची सोयच नव्हती. एक मुलगी सारखी विचारत होती, "मॅडम, खरंच आग लागेल व्हती का?" नव्हती गं बाई. "मंग कोनी सांगं का नही?" याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हा मला विष्णू झेंडे आठवले.

मी पोरांना सांगितलं, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, साडेनऊच्या पुढची वेळ, मुंबईचं सीएसटी, आता सीएसएमटी म्हणतात ते, जिथे आपली महाराष्ट्र एक्सप्रेस नाही जात पण भुसावळ-जळगावच्या कित्येक गाड्या जातात. लांबच्या गाड्यांच्या हॉलमध्ये माणसं पिशव्यांवर डोकं ठेवून बसलेली, आपल्यासारखीच गावाकडची, आणि दोघांनी येऊन गोळ्या झाडल्या. तिथे पन्नासहून जास्त माणसं गेली, सगळ्या मुंबईत मिळून १६६. आणि वर केबिनमध्ये गाड्यांची अनाउन्समेंट करणारे झेंडे बसलेले, त्यांना खाली काय चाललंय ते दिसलं, आणि ते माईक सोडून पळाले नाहीत, लोकांना सांगत राहिले की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने स्टेशनच्या बाहेर पडा. लोकलमधून उतरणारी किती माणसं तो आवाज ऐकून वळली असतील. वर्ग एवढा गप्प मी कधी पाहिला नव्हता. मग ती मुलगी म्हणाली, पुष्पकमध्ये पण असा एक माणूस पाहिजे होता.

साहेब, त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पोरं एक खेळ खेळायला लागली. एक जण वहीची गुंडाळी करून बाकावर चढतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, घाबरू नये, पळू नये", आणि बाकीचे रांगेत दरवाज्यातून बाहेर जातात. मी शिकवलेला नाही तो खेळ. तेच मैदान, तीच पोरं, पण बंदूक कुठेच नाही.

मग मी एकेक गोष्ट शोधायला लागले. कामा हॉस्पिटलच्या नर्स अंजली कुलथे, अतिरेकी आत घुसल्यावर त्यांनी आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना पॅन्ट्रीत लपवलं, दिवे बंद केले, आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तर अंधारात भिंतीला धरून धरून तिला बाळंतपणाच्या खोलीपर्यंत नेलं. पोरींनी लगेच विचारलं, "मंग ती माय वाचनी का?" वाचली, आणि बाळ पण झालं. पोरांनी बोटांवर हिशोब केला की ते बाळ आता बारावीच्या वयाचं असेल, आणि सगळा वर्ग असा खूश झाला की जणू आपल्याच घरात पेढे आले. याच कुलथे सिस्टर पुढे कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या आणि २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर पण बोलल्या.

तुकाराम ओंबळेंचं नाव पोरांना माहिती होतं, हातात फक्त लाठी असताना गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, एवढं गाण्यासारखं पाठ. पण २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या कोळ्याला त्यांचं नाव दिलंय, आयसियस तुकारामी, हे सांगितल्यावर अख्खी सहावी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी कोळी शोधायला पळाली. माहितीये की तो आमच्या इथे सापडणार नाही. तरी रोज एक नवीन कोळी काडीपेटीत घालून आणतात आणि विचारतात, हा तुकारामी आहे का. मी सगळे बाहेर सोडायला लावते.

आणि मग कोर्टाचा प्रश्न येतोच येतो. ओंबळेंनी नळी सोडली नाही म्हणून कसाब जिवंत सापडला, जिवंत सापडला म्हणून खटला चालला, आणि सरकारी वकील कोण तर आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम, हे ऐकलं की पोरांच्या माना ताठ होतात. पण पुढचा प्रश्न ठरलेला, एवढी माणसं मारणाऱ्याला वकील दिलाच कशाला? आणि त्याला बिर्याणी का खाऊ घातली? बिर्याणीची गोष्ट खरी नव्हती हे निकम साहेबांनी स्वतःच २०१५ साली सांगितलं, तरी ती अजून आमच्या पारावर फिरते, अफवेचं असंच असतं, पुष्पकच्या पोरांना हे लगेच कळतं. वकिलाचं मात्र नीट बसून सांगावं लागतं. की मे २०१० मध्ये शिक्षा झाली, हायकोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टात गेलं, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली, आणि याच खटल्यात दोन भारतीय आरोपींवरचे आरोप सिद्ध झाले नाहीत तर कोर्टाने त्यांना यातून सोडलं. म्हणजे एवढा राग देशभर असताना सुद्धा कोर्टाने पुरावा मागितला. सकाळी परिपाठाला आपण उद्देशिकेत न्याय शब्द वाचतो ना, तो हा. एकाच तारखेला संविधान दिन आणि २६/११ येतं याची मला आधी अडचण वाटायची, आता वाटतं याच्यासारखा धडा कोणी ठरवून सुद्धा जोडला नसता.

याच खटल्यात नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने साक्ष दिली, सीएसटीवर पायात गोळी लागलेली, कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि कसाबला ओळखलं. माझ्या पाचवीच्या वर्गात त्या वयाच्या अठरा मुली आहेत.

तर साहेब माझं मागणं असं आहे. या दिवसाच्या परिपत्रकात एक ओळ घाला की नाटकात बंदूक नको आणि कोणत्याही पोराला अतिरेकी करायचं नाही. फोटो आणि अहवालाच्या ऐवजी एक तास द्या, फक्त पोरांच्या प्रश्नांसाठी, त्या दिवशी दुसरी कुठली माहिती मागू नका. बालभारतीकडून एक छोटी पुस्तिका काढा, वाचवणाऱ्यांच्या गोष्टींची, पहिली ते चौथीला वेगळी, कारण सात वर्षांच्या लेकराला मेलेली माणसं दाखवायची काहीच गरज नाही, त्याला सिस्टरने दिवे बंद केले एवढं पुरे. ती अहिराणीत पण द्या, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांसाठी पावरी आणि भिलीत पण, भीतीचे प्रश्न लेकरं आपल्या घरच्या बोलीतच विचारतात हे मी परधाडेनंतर पाहिलंय. आणि आमच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एखादा समुपदेशक पाठवा, जो आम्हाला शिकवेल की पोरगं वर्गात रडायला लागलं तर काय करायचं. त्या जानेवारीत मी काय केलं तर खडू खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले, ते बरोबर होतं की चूक मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

पुस्तिकेला वेळ लागेल हे मला कळतं. बंदुकीची ओळ मात्र याच नोव्हेंबरच्या परिपत्रकात बसू शकते, तेवढी बसवा.

आमच्या वर्गाने या वेळी ठरवलंय की दोन मिनिटं शांत उभं राहायचं, आणि मग सातवीतली एक मुलगी माईकवर सगळ्या शाळेला सांगणार आहे की कोणत्या वर्गाने कोणत्या दाराने बाहेर पडायचं. आठ दिवसांपासून प्रॅक्टिस चालू आहे. आवाज कापतो अजून तिचा, पण रांग तुटत नाही.

आपली,
एक शिक्षिका
ता. पाचोरा, जि. जळगाव