माशी हिरवी केली

प्रिय मित्रा,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि मी उत्तर दिलं नाही. आळस नव्हता रे. तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती आणि हात धजत नव्हता. तब्येत बरी आहे. गुडघा होता तसाच, रक्तदाब गोळीवर आटोक्यात. ते झालं.

गेल्या महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर उभा राहिलो, पिस्तूल उचललं, श्वास अर्धा सोडला आणि नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावर नेम धरायचा तो बारका खुंट, दिसेना. होती जागेवरच, पण तिला काठच नव्हते. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला जी खाच असते, जिच्यातून माशी बघायची, तीत काळ्या लोकरीचा बोळा कोंबावा तशी दिसत होती. टार्गेट मात्र लख्ख, कागदावरचे आकडेसुद्धा वाचता येतील असं. मास्तर आयुष्यभर ओरडले, ‘टार्गेट धूसर चालेल, माशी धूसर नको.’ माझं नेमकं उलटं झालं होतं. हात खाली घेतला, पुन्हा उचलला. तिसऱ्यांदाही तेच. त्या दिवशी एकही गोळी न झाडता पेटी बंद केली. घरी काही बोललो नाही. ‘चाळिशी तर केव्हाच लागली तुला, त्यात नवीन काय?’ एवढंच म्हणाले असते. पेटी बंद करताना मला काय वाटलं, ते फक्त तुलाच कळेल.

आणि नेमका तूच आठवलास. ज्या रविवारी तू माशीला लाल नेलपॉलिश लावून आलास, त्या दिवशी मी सगळ्यांदेखत तुला काय काय बोललो! माशी नटवलीस म्हणालो. बहिणीची बाटली परत कर म्हणालो. माशी काळीच हवी, मेणबत्तीच्या काजळीवर धरून तिची चमक मारायची, बाकी सगळे लाड, असं छाती ठोकून सांगितलं. तू एवढंच म्हणालास, ‘तुझे डोळे अजून माझ्या डोळ्यांएवढे झाले नाहीत.’ तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हे मी तेव्हा लक्षातच घेतलं नाही. त्या बोलण्याचं मला फार वाईट वाटतं. मला माफ कर.

आधी चष्म्याची वाट धरली. वाचायच्या चष्म्यातून माशी दिसते, पण टार्गेट पार दुधात बुडतं. तो चष्मा हातभराच्या आत, ४० सेंटीमीटरवर वाचायला दिलेला, आणि हात ताणला की माझी माशी डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर असते. प्रोग्रेसिव्ह काच तर नकोच. योग्य जागा सापडावी म्हणून हनुवटी वर करावी लागते आणि मान हलली की नेम गेलाच. शेवटी नेमाच्या डोळ्यापुरता लांबच्या नंबरात पाऊण वाढवून वेगळा चष्मा करून घेतला. त्याने अर्धं काम झालं. माशीला काठ आले, पण ती खाचेच्या आणि बुलच्या, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळाच्या, काळ्यात हरवायची. तिला शोधण्यात वेळ जायचा, तोवर हात थरथरायला लागायचा.

यात किती जातं याचा हिशेब तू मला एकदा पाटीवर मांडून दाखवला होतास. माझ्या पिस्तुलावर माशी आणि खाच यांत १६० मिलिमीटर अंतर. माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी साडेपंधरा सेंटीमीटर बाजूला. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ५ सेंटीमीटरचं. म्हणजे मी ज्याला ‘थोडंसं धूसर’ म्हणत होतो, त्यात अख्खं दहा, नऊ, आठ बुडत होतं.

म्हणून रंगाकडे वळलो. मॅगझीन बाहेर, चेंबर दोनदा तपासून रिकामं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. माशी आधी अल्कोहोलने पुसली, कारण तेलाचा अंशही राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग टूथपिकच्या टोकावर लाल घेतला आणि टेकवला. थेंब जरा जास्त झाला. तो माशीच्या डोक्यावरून हळूच पलीकडे ओघळला, आणि ती काटकोनी, धारदार कड माझ्यासमोर गोल होऊन बसली. उंची ठरते ती त्याच कडेवर! नखाने सगळा खरवडून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

लाल, नारिंगी, पांढरा आणि पोपटी हिरवा, चारही रंग लावून पाहिले. प्रत्येक रंग सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला. पांढरा टार्गेटच्या कागदात मिसळून जातो. लाल उन्हात छान, पण उजेड उतरू लागला की सगळ्यात आधी तोच काळा पडतो. हे तुला ठाऊक असणारच, तरी विचारतो: संध्याकाळी तुझ्या गोळ्यांचे ग्रुप खाली-वर होतात ते यामुळे तर नसेल? नारिंगी चांगला होता, दोन दिवस मी त्याच्यावरच अडून बसलो होतो. पण हिरवा लावला आणि माशी एकदम जवळ आल्यासारखी वाटली. कडा लालपेक्षा स्पष्ट.

आधी मनाचे खेळ वाटले. मग आठवलं, डोळे तपासताना लाल आणि हिरव्या पाटीवरची अक्षरं दाखवतात आणि ‘कोणती जास्त काळी?’ असं विचारतात. तेच आहे हे! डोळ्यात हिरवा प्रकाश लालच्या अलीकडे केंद्रित होतो, दोघांत जवळपास अर्ध्या नंबराचा फरक. आपल्या वयाच्या डोळ्यात जवळच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या मागे पडते. लालची आणखी मागे, हिरव्याची त्यातल्या त्यात जवळ. शिवाय दिवसा डोळा सगळ्यात जास्त टिपतो तो ५५५ नॅनोमीटरचा पोपटी हिरवा. आणि आपल्याला उजेडाची काटकसर परवडत नाही. बाहुली लहान झालेली, भिंग पिवळं पडलेलं. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पडद्यापर्यंत पोहोचतो. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

पण हिरव्यातही पेच आहे. पूर्ण माशी रंगवली की ती इतकी पेटते की खाचेत तिच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या उजेडाच्या फटी खाऊन टाकते. फटी समान नसल्या तर नेम कसला? मग मी रंग मधोमधच ठेवला. खाली पांढऱ्याचा पातळ हात, कारण हा हिरवा फ्लोरोसंट, उन्हात झगझगणारा; असा रंग पारदर्शक असतो, काळ्यावर थेट लावला तर मरून जातो. वर हिरव्याचे दोन पातळ हात. माथ्याला आणि दोन्ही कडांना काळी किनार तशीच. हिरवा डोळ्याला ‘मी इथे आहे’ म्हणून सांगतो आणि बुलच्या खालच्या पांढऱ्यावर उंची काळी कड ठरवते. तुझा रंग आणि माझी काजळी, दोन्ही एकाच माशीवर आहेत बघ.

काल पाच-पाचच्या चार फैरी झाडल्या. शेवटच्या फैरीत चार गोळ्या नवाच्या आत, एकीवर चाप झटक्याने ओढला गेला. पाचवीच्या आधीच मी रडवेला झालो होतो.

एक काळजी उरली आहे. आतल्या रेंजवर एलईडी दिव्यांत हा रंग निम्मा विझल्यासारखा होतो. असे रंग चमकतात ते उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटवर आणि निळ्या-जांभळ्या उजेडावर, आणि त्या दिव्यांत अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ नसतंच. उन्हात ठेवला तर विटतो, नळी साफ करायच्या द्रावणाचा थेंब उडाला तर विरघळतो. वर पारदर्शक लॅकर द्यावं का? त्याची चमक डोळ्यात जाईल अशी भीती वाटते. तू तुझ्या लालवर दिलं होतंस ना?

घराचं काम संपलं का रे? धाकटीचा निकाल लागला असेल, कळव. वहिनींना नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांग, मी येईन. आणि लेन्स कुठल्या अंतराची बसवायची हे ठरवण्याआधी डॉक्टरांना नेमबाजीचं नक्की सांग.

तुझ्या पिस्तुलावर ते लाल अजून आहे का? असेल तर पुसू नकोस. या रविवारी दिवेलागणीला खिडकीत उभा राहा, रिकामं पिस्तूल समोरच्या कोऱ्या भिंतीवर धर आणि लाल किती वाजता काळं पडतं ते घड्याळ बघून लिहून ठेव. मी इकडे हिरव्याचं टिपतो.

तुझाच

ता. क. टूथपिकचं टोक आधी ब्लेडने तिरकं कापून घे, थेंब ओघळत नाही.