सुन्यानीहून, ऐन हंगामात

सुन्यानी, बोनो प्रांत, घाना

प्रिय सुधीर,

मुलाच्या नकाशात सुन्यानी 'ब्राँग-अहाफो'त आहे आणि मी पत्त्यावर 'बोनो' लिहितो, तर खरं कुठलं, असं विचारलंयस. नकाशा जुना आहे एवढंच. डिसेंबर २०१८ मध्ये इथे सार्वमत झालं आणि ब्राँग-अहाफोचे तीन प्रांत झाले. सुन्यानीकडे बोनो राहिला, टेचिमान बोनो ईस्टची राजधानी झाली आणि गोआसो अहाफोची. त्याच फेरीत देशातले प्रांत दहाचे सोळा झाले. इथल्या राज्यघटनेची अट कडक आहे. निम्म्या मतदारांनी तरी मत द्यायला हवं आणि त्यातल्या ८० टक्क्यांचा होकार हवा. होकार ९९ टक्क्यांच्या वर गेला! नवीन प्रांत नको असं म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय.

गंमत म्हणजे ब्राँग-अहाफोही असाच तोडून काढलेला. १९५९ साली घानाचे पहिले पंतप्रधान एन्क्रुमा यांच्या सरकारने अशांती नावाच्या प्रांतातून तो वेगळा केला. ब्राँग राजांना अशांतीची राजधानी कुमासीच्या हाताखाली राहायचं नव्हतं आणि एन्क्रुमांना अशांतीतल्या विरोधकांचं बळ कमी करायचं होतं. दोघांचं जमलं. यावेळी मात्र सुन्यानीचं नुकसान झालं, असं माझं मत. टेचिमानचा बाजार म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या धान्यबाजारांपैकी एक. बुर्किना फासो, नायजरपासून ट्रक येतात. तो बाजार पलीकडे गेला, सुन्यानीकडे कचेऱ्या उरल्या. कचेऱ्यांचंही काय सांगू! प्रांताला निवडून दिलेली सभा नाही. राष्ट्राध्यक्ष नेमतील तो प्रांताचा मंत्री. जिल्हा सभांमध्येसुद्धा सुमारे तिसरा हिस्सा सभासद नेमलेले असतात.

आकाराने हा प्रांत आपल्या सिंधुदुर्गाच्या दुपटीहून थोडा मोठा. वस्ती २०२१ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख, म्हणजे आपल्या दीडपटीच्या आसपास. दक्षिणेला पावसाचं रान आणि त्यात कोको. दोर्मा आणि बेरेकुमकडे कोंबडीपालन जोरात. उत्तरेला वेंची, सांपाच्या बाजूला झाडी विरळ होते आणि मग याम नावाचा कंद, मका आणि आपली काजू.

आता तुझ्या काजू कारखान्याच्या कामाचं. काजू इथे एवढी वाढली त्यामागे १९८३ चं वर्ष आहे. म्हातारी माणसं ते नाव काढलं की गप्प होतात. त्या वर्षी दुष्काळ पडला, वणवे लागले आणि कोकोच्या बागाच्या बागा जळाल्या. वर नायजेरियाने दहाएक लाख घानावासीयांना हाकलून दिलं, तेही याच वर्षी परतले. खायला नाही आणि खाणारी तोंडं वाढलेली. पुढे उत्तरेकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी कोकोचा नाद सोडून काजू लावली. कमी पाण्यावर जगते, हलकी जमीन चालते, हे मी तुला काय सांगायचं.

कोकोचा दर सरकारी बोर्ड ठरवतं, हंगामाआधी जाहीर होतो. काजूचं तसं नाही. सरकार किमान दर सांगतं, पण सरहद्दीजवळच्या सांपाच्या रस्त्यावर भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. सरहद्दीपलीकडे आयव्हरी कोस्ट, जगात सगळ्यात जास्त काजू पिकवणारा देश. तिथला कायदा म्हणतो, बी जमिनीवरून बाहेर न्यायची नाही, बंदरातूनच गेली पाहिजे. पण घानात दर चढला की रात्रीत पोती इकडे येतात. कुठल्या देशात पिकली, हे सांपात विचारायचं नसतं. मी विचारत नाही, कटिंग करून, म्हणजे नमुन्याची बी कापून बघतो. ८० किलोच्या पोत्यामागे गर किती पौंड निघतो, त्यावर सौदा. एप्रिलनंतर पाऊस सुरू झाला की बी ओली येते, आतून काळी पडते, तेव्हा मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात.

एक गोष्ट मनाला लागते. एवढी बी पिकते, पण बहुतेक सगळी कच्चीच टेमा बंदरावरून व्हिएतनामला आणि आपल्याकडे जाते. इथे फोडणारे कारखाने थोडे. हंगामात त्यांना बी घ्यायची तर आमच्यासारख्या परदेशी खरेदीदारांच्या दराला टक्कर द्यावी लागते, बँकेचं व्याज अंगावर घेऊन. म्हणजे आपल्याकडच्या बायांना वर्षभर काम मिळतं ते इथल्या बायांना न मिळाल्यामुळे. हे तुला पटणार नाही, कोकणात बी पुरत नाही म्हणशील. पुरत नाही हे खरंच. पण इथल्या सरकारने उद्या कच्ची बी बाहेर न्यायला बंदी केली, तर मी त्यांना दोष देणार नाही. तू तुझ्या कारखान्याचा विचार आतापासून कर.

बुईचं धरण बघून आलो. काळ्या व्होल्टावर, ४०० मेगावॅटचं, चिनी कंपनीने बांधलेलं, २०१३ मध्ये सुरू झालं. सुमारे १,२०० माणसं उठवावी लागली. नदीतले पाणघोडे प्रसिद्ध होते, मला एकही दिसला नाही.

वेंचीला अपू नावाचा सण असतो, तो तुला आवडेल. सणाच्या दिवसांत कुणीही राजाला आणि अधिकाऱ्यांना तोंडावर काय वाट्टेल ते सुनावू शकतो. गाणी रचून सुनावतात. राजाने ऐकून घ्यायचं, शिक्षा करायची नाही. वर्षभराची मळमळ निघाली की गाव शुद्ध झालं म्हणतात. शिमग्यातली आपली बोंब आठवली, फक्त इथे नावं घेऊन, पुढाऱ्यांसमोर. हेच वेंची घानाचे एकेकाळचे पंतप्रधान बुसिया यांचं गाव. १९७२ मध्ये लष्कराने त्यांना काढलं, तेव्हा ते देशाबाहेर होते.

काजूचे बोंडू इथेही झाडाखाली कुजतात. गोव्याची फेणी कशी होते ते एका बागायतदाराला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, पिणार कोण? इथे ताडी स्वस्त आहे.

वेंचीकडच्या बीचा नमुना घेतलाय, माणसाबरोबर पाठवतो. तुझ्याकडे कटिंग कर आणि आकडा कळव, पण भाव ठरवायची घाई करू नकोस. मार्चअखेर सांपाचा दर बघू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता